शेवळाची चव घ्यायचं काम

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे मला पहिल्यांदा आईनं सांगितलं. मग शाळेतल्या बाईंनी सांगितलं, आणि एकदा तर मुरबाड डेपोतल्या कंडक्टरनंही, तेही गाडी भरलेली असताना. त्यामुळे शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या बायकांच्या शेती संस्थेनं मला सचिव नेमलं, तेव्हा आमच्या घरात सगळे पोट धरून हसले. सचिवानं म्हणे गप्प बसून कागद लिहायचे असतात. हिला कसं जमणार?

आमचं घर धसईजवळचं, कुणब्याचं. भात लावणं, झोडणं, उफणणं यातच मी वाढले. पोस्टानं बी.ए. केलं, नोकरी काही मिळेना, आणि मी दिवसेंदिवस चिडकी होत चालले होते. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. पगार इतका बारीक होता की दुसरं कुणी अर्जच केला नव्हता, म्हणून माझी वर्णी लागली. धसईहून मुरबाड, मुरबाडहून शहापूरची एसटी, मध्येच एका फाट्यावर उतरायचं आणि पाऊण तास चढ चढायचा. पहिल्या दिवशी पोचले तेव्हा धापा टाकत होते. अंगणात नागली, म्हणजे नाचणी, पाखडणारी एक म्हातारी म्हणाली, "बस गो बाय. आधी पानी पी, मंग सचिव हो."

ही आमच्या संस्थेची अध्यक्ष. सगळा पाडा तिला मावशी म्हणायचा, मीही म्हणायला लागले. नावं मी इथे कुणाचीच लिहिणार नाही. त्यांना विचारलेलं नाही आणि विचारलं असतं तर, "आमची नावं लिवून कुनाला काय करायचंय?" असं म्हणून त्यांनी मलाच कामाला लावलं असतं.

संस्थेत एकवीस बायका. काम तसं साधं. बैल सगळ्यांचे मिळून, बियाणं सगळ्यांचं मिळून एका घरात कणग्यांमध्ये ठेवलेलं, आणि लावणी-कापणीला सावड, म्हणजे आज सगळ्या तुझ्या शेतात, उद्या सगळ्या माझ्या. खोलगट जागेत भात, उतारावर नागली आणि वरी, बांधाला तूर, कुंपणाला काकडीचे वेल. युरियाची गोणी त्यांच्याकडे नव्हती. सुरुवातीला परवडत नव्हती म्हणून नव्हती. पुढे खालच्या गावातल्या शेतांची माती दरसाल कडक होत गेलेली त्यांनी पाहिली, मग परवडली तरी नको असं ठरलं.

शहरातून अधूनमधून कुणी कुणी शिकवायला यायचे. एका सरांनी फळ्यावर चित्र काढून मिश्र पीक पद्धत समजावली. दोन तास बोलले बिचारे. मावशी मांडी घालून समोर बसली होती, एक जांभई दिली नाही. शेवटी सरांनी विचारलं, काही शंका? मावशी म्हणाली, "हे तुमाला कोनी शिकवलं?" सर म्हणाले, कॉलेजात. मावशीनं समाधानानं मान हलवली. "बरं झालं. आता तिथंपन शिकवतात." तिच्या घरामागच्या तुकड्यात त्या वेळी अकरा प्रकारची पिकं एकत्र उभी होती. सर जाताना मला म्हणाले, तुम्ही आधी सांगायचं ना. मी म्हटलं, तुम्ही विचारलं कुठे?

तर असं हसतखेळत चाललं होतं. दिवाळीपर्यंत.

दिवाळी झाली, भात घरात आलं, की पाड्यावर वीटभट्टीचा ट्रक यायचा. पाच घरं दरवर्षी जायची. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं, सगळं ट्रकमध्ये. परत यायचे ते उन्हाळा संपता संपता, अंगानं अर्धे होऊन. मावशीचं घर त्या पाचांतच. अध्यक्ष झाली म्हणून भट्टी कशी सुटणार? वर्षातले सहा महिने आमच्या संस्थेची अध्यक्ष कल्याणच्या पलीकडे विटा थापत असायची, म्हणून वार्षिक सभा मी ट्रक यायच्या आत उरकून घ्यायचे. तालुक्याच्या कचेरीत विचारलं, सभा इतकी लवकर का? मी सांगितलं, अध्यक्ष बाहेरगावी असतात. साहेबांना वाटलं, मोठी कुणी बाई असेल.

त्या पाच घरांतली एक सगळ्यात लहान सभासद होती. तिला सगळ्या धाकटी म्हणायच्या. पंचविशीची, काटक, बोलायला कमी. शेतात मात्र तिच्या हाताला तोड नव्हती. भात निघालं की जमिनीत ओल राहते, त्या ओलीवर वाल टाकले तर एक थेंब पाणी न देता येतात आणि वर जमिनीला खत मिळतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण वाल पेरून भट्टीवर गेलं की मागे राखायला कोण? मोकाट गुरं चार दिवसांत शेत चाटूनपुसून साफ करतात. धाकटीनं लग्न होऊन आल्यापासून स्वतःच्या शेतात एकदाही वाल घेतले नव्हते. माहेरहून आणलेलं बी ती राख लावून मडक्यात ठेवायची, जुनं झालं की बदलून आणायची, पुन्हा ठेवायची. एकदा मला म्हणाली, "मला भट्टीचं काय वाटत नाय. काम तं कुठं बी करायचंच. पन माजं शेत तिकडं वलं पडलेलं आसतं आनि मी हितं सुकी माती मळतंय, याचा राग येतो." इतकं लांब वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मला ते लागलं. मनात म्हटलं, हिला एक हिवाळा घरी थांबवायचीच.

संधी आली ती दोन हजार साल उलटून गेल्यावर. जवळच एक आश्रमशाळा होती, मुलांच्या जेवणासाठी धान्य-भाजी लांबच्या व्यापाऱ्याकडून यायची. मी अर्ज केला, हेलपाटे घातले, दोन ठिकाणी भांडले, एका ठिकाणी रडले, आणि शेवटी खरेदी समिती तयार झाली. तांदूळ आणि नागली घेऊ, शिवाय ओहोळाकाठच्या वाफ्यातली वांगी, मुळा, घेवडा, असली भाजीही घेऊ. आम्ही हिशेब मांडला. धान्य कांडणं, निवडणं, पोचवणं यात हिवाळाभर तीन घरांना काम. भाजीत आणखी दोन घरांना. म्हणजे पाचही घरं थांबणार, ट्रक रिकामा जाणार. धाकटीनं ते ऐकलं आणि नुसती हसली. मावशी म्हणाली, "आधी कागद येऊं दे."

कागदाआधी एक जेवण होतं. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी समिती शाळेवर येणार, तिथल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांसोबत आमच्या हातचं जेवणार, मग ठरवणार. समितीचे अध्यक्ष निवृत्तीला आलेले गृहस्थ, बोलायला गोड. मला म्हणाले, "बाकी काहीही करा, पण शेवळाची भाजी हवी. माझ्या आईच्या हातची खाल्लेली, तशी पुन्हा कुठे मिळाली नाही."

शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर जमिनीतून भाल्यासारखी वर येणारी रानभाजी. चव अशी की माणूस मटण विसरेल. पण तिच्यात खाज असते. काकडाची आंबट फळं उकडून, ठेचून भाजीत घातली की खाज मरते. नाही घातली तर घसा असा खाजतो की खाणाऱ्यानं अंगणात नाचावं.

मी धावत पाड्यावर गेले. "मावशी, शेवळं निघालीत ना?"

"निघाली तं. पन आमी अजून खाल्ली नाय."

"का?"

"देवाला नवं दाखवलं नाय अजून."

पाड्याची रीत होती. पावसाळ्यातली नवी भाजी आधी देवाला दाखवायची, भगत पूजा करणार, मग सगळ्यांनी खायची. तोवर पानसुद्धा तोंडात घालायचं नाही. त्या वर्षी भगताचा थोरला भाऊ तानसाच्या बाजूला वारला होता. भगताला सुतक, म्हणून पूजा लांबलेली. इकडे समितीची तारीख ठरलेली, ती हलेना. मी कपाळाला हात लावला.

"पण मावशी, तुम्ही बाजारात विकता ना शेवळं?"

"इकतो की. इकायला चालतात."

"शिजवायला?"

"चालतात."

"आणि चाखायला?"

मावशीनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी मी एरवी लहान पोरांकडे टाकते. "चाखनं म्हंजे खानंच ना गो? थोडं खाल्लं का लय खाल्लं, जिभंला काय ठावं?"

"मग मीठ-मसाल्याचं कळणार कसं? काकड बसलं की नाही कसं कळणार? साठ माणसं जेवणार आहेत!"

"तू हायस ना," मावशी शांतपणे म्हणाली. "तू चव घे. तू आमच्यातली नायस."

खोटं कशाला सांगू, मला राग आला. इतकी वर्षं तुमच्यासाठी चढ चढतेय, उन्हात कागद नाचवतेय, आणि मी तुमच्यातली नाही? पण वाद घालायला वेळ नव्हता. चव घ्यायचं काम माझ्याकडे आलं. जाताना मी कुरकुरले, "देवाला एवढं काय कळतंय, कुणी बोटावर चाखलं तर." मावशीनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

जेवणाचा दिवस. शाळेच्या मागे तीन चुली मांडल्या होत्या. बायका पहाटेच शेवळं सोलून, चिरून तयार. लाल तांदळाचा भात, नागलीच्या भाकऱ्या, कोळूची भाजी, वालाचं कालवण आणि शेवळं. भात, नागली, वाल जुनेच, ते त्यांना चाखता येत होते. कोळू मात्र पावसाळी रानभाजीच, म्हणून ती मी चाखली, मीठ कमी होतं, सांगितलं. मला बरं वाटलं. माझ्या जिभेवर एकवीस बायका अवलंबून आहेत म्हटल्यावर मी जरा मिरवलेच.

मग जीप आली आणि माझी तारांबळ उडाली. फलक उलटा लागलेला. माइकवाला गायब. समितीतल्या एकाला चहा बिनसाखरेचा हवा. मी पुढच्या ओट्यावरून मागच्या चुलीकडे आणि चुलीकडून ओट्याकडे पळत होते. धाकटी एकदा येऊन म्हणाली, "शेवळं झाली. चव घे." मी म्हटलं, आले. थोड्या वेळानं पुन्हा आली. मी खेकसले, "आले म्हटलं ना! एकटी किती ठिकाणी मरू?" ती गेली. तिसऱ्यांदा मावशी स्वतः आली. ओट्याच्या कडेला उभी राहून म्हणाली, "घेतलीस का चव? पानं मांडलीत."

मी साहेबांशी बोलत होते. मान वळवून म्हणाले, "घेतली, घेतली. झकास झालीय. वाढा."

घेतली नव्हती. टोपाच्या जवळही गेले नव्हते. एवढ्या वर्षांत या बायकांच्या हातची शेवळं कधी बिघडली होती? असं मनात म्हटलं आणि पुढच्या खुर्च्या सरळ केल्या.

झालं होतं असं. काकड ठेचणारीनं टोपभर रस काढून झाकून ठेवला आणि तिला वाटलं, ढवळणारी घालेल. ढवळणारीला वाटलं, ठेचणारीनं घातला. एरवी कुणीतरी तळहातावर थेंब घेऊन जिभेला लावलं असतं आणि तिथल्या तिथे एकमेकींना शिव्या घालून रस ओतला असता. त्या दिवशी सगळ्यांचे हात देवाच्या आदबीनं तोंडापासून लांब होते. आणि चाखणारी बाई साहेबांपुढे दात काढत उभी होती.

समितीच्या अध्यक्षांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, आई आठवली. दुसरा घास घेतला. मग डोळे उघडले, आणि पाणी मागितलं. शेजारचा खाकरला. त्याच्या पलीकडचा उठून उभा राहिला. पाच मिनिटांत त्या ओट्यावर असा काही खोकला सुरू झाला की शाळेची कुत्री पळाली. कुणी गळा चोळतंय, कुणी ताकाचा तांब्या तोंडाला लावलाय, एक जण गुळाचा खडा चघळत आकाशाकडे बघतोय. आज आठवलं की हसू येतं. तेव्हा मी ताकाचे तांबे घेऊन पळत होते.

समितीतल्या एका तरण्या सभासदानं पान ढकललं. "काय घातलंय यात?" तो ओरडला. "आणि मी सकाळपासून बघतोय, ह्या बायकांनी स्वतः एक घास घेतलेला नाही. स्वतः का खात नाहीत ह्या?"



याचं उत्तर मला ठाऊक होतं. पाड्याची रीत सांगितली असती तर पुढचा प्रश्न आला असता, मग चाखलं कुणी? आणि चाखायचं होतं मी. माझी जीभ, जी कंडक्टरसमोर कधी थांबली नाही, ती टाळूला चिकटली. बायका खाली बघत होत्या. मावशी माझ्याकडे बघत होती.

धाकटी हातात डाव घेऊन वाढायला उभी होती. तिनं तो टोपात बुडवला, भरून काढला, डाव्या तळहातावर घेतला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. सगळा. त्या सभासदाकडे बघत. "इख आसंल तं मी बी मरंन," ती म्हणाली.

मागे कुणीतरी "आगं बाय" केलं. तेवढंच. धाकटीला खाज लागली असणारच, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण ती खोकली नाही, हात गळ्याला लावला नाही.

वाचवलं अध्यक्षांनी. खोकता खोकता ते हसायला लागले. "अरे, विष कसलं! काकड राहिलंय! माझी आई एकदा विसरली होती, सगळ्या आळीनं ताक प्यायलं होतं." मग सगळेच हसले. भात, भाकरी, कालवण मिटक्या मारत खाल्लं. जीप गेली. बायकांनी भांडी घासली. धाकटीशी कुणी बोललं नाही, आणि ती गप्पगप्पच असते म्हणून माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

आठवड्याभरानं भगताचं सुतक फिटलं आणि पाडा वेशीवरच्या देवापाशी जमला. मीही गेले. धाकटी सगळ्यांपासून लांब, एका दगडाशी बसली होती. मी शेजारणीला विचारलं, हिला काय झालं? तेव्हा कळलं. ज्यानं देवाआधी नवं खाल्लं, त्याच्या हातानं त्या वर्षी बी पेरायचं नाही. ना भाताचं, ना नागलीचं, ना कसलंच.

म्हणजे वालाचंही नाही. जिला घरी थांबवायला मी एवढा आटापिटा केला, तिला घरी थांबून करायचं होतं ते एकच काम, आणि तेच आता तिच्या हातून होणार नव्हतं. मला रडू यायच्या आधी स्वतःचाच संताप आला. मी उठून उभी राहिले.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "मावशीनं विचारलं तेव्हा मी चव घेतली म्हणून सांगितलं. घेतली नव्हती. खोटं बोलले. मी चाखलं असतं तर काकड पडलं असतं, आणि हिला खावं लागलं नसतं."

मावशी पायाजवळची काडी उचलून मोडत होती. ती म्हणाली, "ठावं होतं मला. वाढून झाल्यावर कळलं. चव घेनाऱ्याचा हात वला आसतो. तुजा कोरडा होता."

"मग तिथे का नाही बोललात?"

"साहेबांम्होरं तुला काय बोलायचं गो?"

भगतानं धाकटीकडे पाहिलं. बारीक अंगाचा म्हातारा, डोळे सदा मिचमिचे. मग म्हणाला, "खानं म्हंजे पोटासाठी. हिनं पोटासाठी नाय खाल्लं. पाड्याची अब्रू चाखली हिनं. देवाला नारळ द्या आनि पेरूं दे पोरीला."

धाकटीनं तोंडाला पदर लावला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि विचारलं, "आणि मला काय शिक्षा?"

भगत हसला. "तुला कसली शिक्षा? आमचा देव तुला लागत नाय."

बायकाही हसल्या. मीही हसले. नंतर पूजा झाली आणि मला पहिल्या पंगतीला बसवून शेवळं वाढली. या वेळी काकड होतं. दोनदा मागून खाल्ली, त्याची लाजही नाही वाटली. सुटले बाई, असं वाटलं.

श्रावणात कागद आला. तांदूळ मंजूर, नागली मंजूर. भाजी नामंजूर. त्या तरण्या सभासदानं लावून धरलं होतं म्हणे, मुलांच्या पोटाशी खेळ नको. त्याचं तरी काय चुकलं? मी कागद वाचून दाखवला. तीन घरं थांबतील एवढंच काम आलं होतं.

मावशीच्या पडवीत यादी करायला बसलो. तिनं पहिलं घर धाकटीचं सांगितलं. दुसरं सांगितलं, तिसरं सांगितलं. मी विचारलं, "आणि मावशी, तुमचं?"

"माजं मी बघतंय. तू लिव."

मी लिहिलं. तिनं काहीतरी दुसरी सोय केली असेल, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर धाकटीचं नाव यादीत पडलं याच आनंदात मी होते.

दिवाळी झाली. भात घरात आलं. धाकटीनं वाल टाकायला घेतले त्या दिवशी मी मुद्दाम कागद बाजूला ठेवून गेले. शेत अजून ओलं होतं. ती पुढे बोटानं भोक पाडायची, दोन दाणे टाकायची, टाचेनं माती लोटायची, आणि पुढे सरकायची. नवरा बांधाला काटेरी कुंपण घालत होता. मी नुसती बडबडत होते. धाकटी त्या दिवशी चक्क गुणगुणत होती. मला इतका आनंद झाला होता की मी दोनदा डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणून सांगितलं.

दुपारी खालच्या रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला. मी म्हटलं, चला, जाणाऱ्यांना तरी निरोप देऊन येऊ. धाकटीचा हात थांबला. ती म्हणाली, "तू जा. माज्यानं नाय बघवनार."

मी उतरून गेले. ट्रकमध्ये भांडी चढवली होती, कोंबड्यांची टोपली चढवली होती. मावशीचा मुलगा दोर बांधत होता. सून आत बसली होती. आणि मावशी, सत्तरीकडे झुकलेली, आमच्या संस्थेची अध्यक्ष, चाकावर एक पाय देऊन वर चढायच्या बेतात होती.

"मावशी," मी म्हटलं. भाजी मंजूर झाली असती तर ही चढली नसती. मी दहा पावलं चालून टोपाशी गेले असते, तर ही चढली नसती. हे मी तिला सांगायला तोंड उघडलं.

"गप," ती म्हणाली. "हात दे आधी."

मी हात दिला. ती चढली, सुनेशेजारी टेकली, लुगडं सावरलं. मग वरून माझ्याकडे बघून म्हणाली, "कनग्यांना येक डाव शेनानं सारवून घ्या. उंदीर लय झालेत." मी मान हलवली. भर रस्त्यात मी रडत होते, आणि क्लीनर बघत होता.

"जेवलीस का?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं मांडीवरचं फडकं सोडलं. प्रवासाला घेतलेली नागलीची भाकरी होती. मधून मोडली आणि अर्धी खाली माझ्या हातात दिली. "खा हितंच. मंग चढ चढ."

ट्रक निघाला. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून ती भाकरी खाल्ली. कोरडी होती, पण सगळी खाल्ली.